अकराशे पंचावन्न टाचण्या

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१२ सालचा. तेव्हा बालवाडीत जाणारी मुलगी आता बारावीला आहे आणि तो मात्र अजून सुरूच होतोय. मेंदू म्हणजे प्रोसेसर पेन्टियम जी६२०, त्यात कोअर, म्हणजे कामाचे हात, दोन. रॅम ४ जीबी. सकाळी बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून, पिऊन, कप विसळून यायचं. तरी पडद्यावरचं ते वर्तुळ आपलं गिरक्या घेतच असतं. बायको एकदा म्हणाली, "अहो, रात्रीच लावून ठेवत जा की. विरजणासारखा."

ते मला लागलं. नवा घ्यायचा तर मुलीच्या क्लासची फी आडवी येत होती, म्हणून नुसता प्रोसेसर बदलायचं ठरवलं. स्वस्तात भागेल असं वाटलं. पैशांच्या बाबतीत ते खरंही होतं. वेळ मात्र तीन आठवडे गेला.

आमचा मदरबोर्ड एच६१, त्यात प्रोसेसर बसायची जागा म्हणजे सॉकेट ११५५. त्यावर इंटेलच्या प्रोसेसरांची दुसरी आणि तिसरी पिढी बसते. घरात पिढ्या मोजायची वेळ एरवी फक्त श्राद्धाच्या दिवशी येते. आता मी रोज रात्री मोजू लागलो. आय३-२१२० घ्यावा, तर वेग ३.३ गिगाहर्ट्झ खरा, पण कोअर परत दोनच. आय५-२४०० ला कोअर चार, पण वेग ३.१ गिगाहर्ट्झ आणि विजेची भूक ९५ वॉट. माझा पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. त्याच्यावर ३०० काय ५०० वॉट लिहिलेले असले तरी लिहायला काय जातंय! मग आय५-३४७० दिसला. तिसरी पिढी, चार कोअर, ७७ वॉट. या सगळ्याचा तक्ता मी एक्सेलमध्ये करायला घेतला, तर एक्सेल उघडेपर्यंत आय३ चा आकडाच विसरलो. शेवटी कालनिर्णयच्या पाठीमागे, दुधाच्या हिशेबाखाली तक्ता मांडला. महिनाअखेर दूधवाल्याला ३४७० लिटर दुधाचे पैसे द्यायची पाळी थोडक्यात टळली.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, सोडा आता त्याला. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला." मी म्हटलं, "अरे, मला चंद्रावर यान सोडायचं नाहीये. सोसायटीची नोटीस टाइप करायचीय."

शेवटी एका शनिवारी डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर दुकानदारच तुम्हाला पत्ता विचारेल. चौथ्या दुकानात ३४७० मिळाला. १८०० रुपये, सेकंडहँड, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. काउंटरवरचा पोरगा मराठी निघाला.

"काका, प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

मी तीन आठवड्यांचा अभ्यास त्याच्यापुढे ओतला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला.

"हार्डडिस्क जुनीच आहे का? कशावर किती भार आहे ते टास्क मॅनेजर उघडून पाहिलंत? डिस्क शंभर टक्के बिझी दाखवत असेल."

पाहिलं नव्हतं. कालनिर्णयवर 'डिस्क' हा रकानाच नव्हता.

"मग आधी एसएसडी टाका, हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. एच६१ वर ती अर्ध्या स्पीडने चालेल, पण तुम्हाला तीच विमान वाटेल."

आता एवढं ग्रँट रोडपर्यंत येऊन प्रोसेसर न घेता जायचं? मी दोन्ही घेतलं. पैसे मोजल्यावर पोरगा सहज म्हणाला, "थर्ड जनरेशनला आधी बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा हं. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. आणि सॉकेटमधल्या ११५५ पिना केसासारख्या असतात, बोट लावू नका."

एसएसडी भाच्याने रविवारी बसवली. आता आधण ठेवायला उठलो की मागून विंडोजचा टुंग आवाज येतो. पूर्वी चहा निवांत व्हायचा, आता उभ्याउभ्या होतो.

प्रोसेसर मात्र स्पंजच्या डबीत, कपाटात, बायकोच्या कानातल्यांशेजारी आहे. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, इतर दिवशी दुरुस्ती झाल्यामुळे जाते. यूपीएसची बॅटरी २०१६ सालीच वारली. बायॉस अपडेट करू म्हणून मी दोनदा आंघोळ करून बसलो आणि दोनदा उठलो. एकदा कॅबिनेट उघडलं तेही पंख्यावरची धूळ पुसून मिटवलं. अकराशे पंचावन्न टाचण्या, आणि माझ्या हाताला सुईत दोरा ओवताना कंप सुटतो.

"मग त्या अठराशेंचं काय?" बायकोने विचारलंच.

मी चौकशी केलीय. मेहुण्याच्या माळ्यावर ११५५ सॉकेटचा एक बंद पडलेला पीसी आहे. त्याच्या बोर्डावर तिसरी पिढी थेट चालते, अपडेट लागत नाही. फक्त त्याला रॅम, पॉवर सप्लाय आणि एक एसएसडी घ्यावी लागेल.