‘अर्धं वर्ष डोंगरात घालवून काय मिळणार?’ : एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॉलेजचं एक सत्र बाजूला ठेवून ते डोंगरातल्या मोहिमा, निसर्ग-संवर्धनाचं काम आणि नेतृत्वाचं प्रशिक्षण यांसाठी द्यावं, असं मी लिहिलं आणि तुम्ही त्यावर खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. तुमच्या मते ही पैसेवाल्यांच्या मुलांची हौस आहे. संवर्धनाच्या नावाखाली फक्त फोटो काढले जातात. नेतृत्व ही डोंगरावर शिकवण्याची गोष्टच नाही. आणि मुलांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, असं तुम्ही विचारता. शेवटी एका ओळीत लिहिलंत की तुमची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा लेख वाचल्यापासून हाच हट्ट धरून बसली आहे. त्या ओळीमुळे हे उत्तर लांबलं. माझ्या लिहिण्यावरून कुणाच्या घरात वाद होत असेल, तर मला सविस्तर बोललंच पाहिजे.

आधी संवर्धनाचं बोलते, कारण तिथे तुमचा संशय रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी, त्यांना मांडीवर घेण्यासाठी तरुण मुलं पैसे भरून जात आली आहेत आणि त्याला स्वयंसेवा म्हणत आली आहेत. आईपासून लवकर तोडलेला, माणसाच्या हाताला सरावलेला सिंह पुढे जंगलात सोडता येत नाही. पिंजऱ्यात सिंह वाढवण्याच्या या धंद्याचे धागे कुंपणातल्या शिकारीपर्यंत आणि हाडांच्या व्यापारापर्यंत पोचतात. तिथे गेलेल्या मुलांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यांच्या पैशावर चालतं ते भलतंच. जिथे वन्य प्राण्याला हात लावायला मिळेल असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, तिथे संवर्धन होत नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे.

प्रामाणिक कामातही नुसत्या उत्साहाने भागत नाही. १९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेत ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही सरकारी योजना चालली. सुमारे तीस लाख तरुणांनी तिच्यात काम केलं आणि सुमारे तीन अब्ज झाडं लावली. त्याच काळात मातीची धूप थांबवण्यासाठी कुडझू नावाची परदेशी वेलही मुद्दाम लावली गेली. आज अमेरिकेच्या दक्षिण भागात ही वेल झाडं, कुंपणं, पडकी घरं गिळत पसरली आहे आणि ती काढण्यासाठी नव्या पिढ्या राबताहेत. म्हणून मुलं काय करणार आहेत, यापेक्षा ते काम कुणी आखलं आहे, हे मी आधी विचारते.

पण यावरून ‘सगळंच ढोंग’ असा निष्कर्ष तुम्ही काढता, तो मला मान्य नाही. एक साधी पायवाट घ्या. उतारावरून सरळ खाली येणाऱ्या वाटेवरून पावसाचं पाणीही सरळच धावतं, माती कापत जातं आणि काही हंगामांत वाटेचा चर होतो. मग चालणारे चर टाळून कडेच्या गवतावरून जातात, वाट रुंदावते आणि जखम पसरत जाते. वाटेला तिरपे दगड किंवा ओंडके पुरून पाणी बाजूला काढायचं, नागमोडी वाटेचे मधले शॉर्टकट झुडपांनी बंद करायचे, उघडी पडलेली माती पुन्हा धरायची. हे काम शिकायला काही दिवस पुरतात आणि नीट केलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. दगड नीट बसला की नाही, हे पहिल्या मोठ्या पावसातच कळतं. वीस वर्षांच्या मुलाला याहून खरं काम कुठे मिळतं, सांगा.

पक्ष्यांच्या नोंदींचंही तसंच आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिकी पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या आवाहनावरून सत्तावीस जणांनी पक्षी मोजले. ती गणना तेव्हापासून दरवर्षी होत आली आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या नोंदीला एकटीला फार अर्थ नसतो. शतकाहून लांब मालिकेतली ती एक नोंद असते म्हणून तिला मोल येतं. अशा कामात मुलांना जी नम्रता येते ती मला फार महत्त्वाची वाटते. काम तुमच्या आधी सुरू झालं होतं आणि तुम्ही गेल्यावरही चालणार आहे. जिथे काम नेमकं तुमच्या मुक्कामापुरतंच चालतं, तिथे तुमचा संशय खरा समजा.

आता नेतृत्व. इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे.

तुम्ही लिहिता, ‘चार पोरांना टेकडीवर चढवलं म्हणून कुणी नेता होत नाही.’ बरोबर आहे. पण या शिक्षणाची सुरुवातच वेगळ्या गरजेतून झाली. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या अ‍ॅबरडव्ही इथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी आउटवर्ड बाउंड या संस्थेची पहिली शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरून सुटकेच्या नावेत उतरलेले तरुण, धडधाकट खलाशी हाय खातात आणि मुरलेले वयस्कर खलाशी तग धरतात, असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. म्हणजे ताकद होती, कसब होतं, पण संकटात स्वतःला आणि शेजारच्याला सांभाळण्याची सवय नव्हती. ती सवय लावता येते का, हा त्या शाळेपुढचा प्रश्न होता. पुढे १९६५ साली पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल सुरू केलं. १९३८च्या केटू शिखरावरच्या अमेरिकी मोहिमेत गेलेल्या या माणसाने दोर आणि बर्फाच्या कुऱ्हाडीइतकंच महत्त्व ‘मोहिमेतल्या वागण्याला’ दिलं. थकलेल्या माणसाशी कसं बोलायचं, आपलं ओझं दुसऱ्यावर कसं पडू द्यायचं नाही, मतभेद तंबूत कुजू न देता कसे मांडायचे, याचा त्यांनी रीतसर अभ्यासक्रमच केला.

अशा अभ्यासक्रमांत रोज कुणीतरी एक विद्यार्थी ‘आजचा नेता’ असतो. उरलेले सगळे त्या दिवशी अनुयायी असतात, आणि चांगला अनुयायी होणं हाही शिकवण्याचाच भाग असतो. मी ज्या गटाबरोबर होते त्यातला एक प्रसंग सांगते. बर्फ वितळून येणारा एक ओढा आम्हाला पार करायचा होता. पोचेपर्यंत दुपार उलटली. दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळतं, त्यामुळे अशा ओढ्यांना दुपारनंतर पाणी चढतं आणि पहाटे ते सर्वांत कमी असतं. ठरलेला मुक्काम पलीकडे होता. सगळे दमले होते, दोघं-तिघं तर बूट काढायलाही लागले होते. त्या दिवशी नेता एक अबोल मुलगी होती. तिने काठावर उभं राहून पाणी पाहिलं आणि म्हणाली, ‘आज नाही.’ त्यावर वाद झाला. तेव्हा शिध्याचा हिशेब ठेवणारा मुलगा आपणहून पुढे आला आणि अलीकडे एक रात्र काढली तरी जेवण पुरेल, एवढंच त्याने सांगितलं. वाद तिथे संपला. निर्णय तिचा होता, पण तो पेलला गेला त्या मुलामुळे.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. संध्याकाळच्या चर्चेत प्रशिक्षकांनी तो निर्णय तपासायला घेतला, म्हणजे सकाळी पाणी उतरलेलं असेल की नाही हे कुणालाही माहीत नसताना. तिने काय पाहिलं, काय विचारलं, कुणाचं ऐकून घेतलं, कुणाचं राहून गेलं, एवढ्यावरच बोलणं झालं. सकाळी पाणी गुडघ्याखाली होतं आणि आम्ही सहज पार झालो, पण निर्णय चांगला होता हे आदल्या रात्रीच ठरलेलं होतं.

याला मी एवढं महत्त्व का देते? कारण ‘निसर्ग चूक लगेच दाखवतो’ हे खरं नाही. निसर्ग पुष्कळदा चूक खपवून घेतो. त्या दुपारी आम्ही पाण्यात उतरलो असतो आणि कसेबसे पलीकडे गेलो असतो, तर सगळ्यांनी हाच धडा घेतला असता की उगीच घाबरत होतो. पुढच्या वेळी पाणी आणखी थोडं जास्त असतं. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. धोक्याच्या खुणा समोर दिसत असतानाही माणसं का पुढे गेली, याची कारणं त्यांनी मांडली: जागा ओळखीची होती, ठरवलेलं बदलायला मन घेत नव्हतं, इतर जण गेले होते, गटातल्या जाणत्या वाटणाऱ्या माणसावर सगळ्यांनी भार टाकला होता, चारचौघांत मान हवा होता. हे सापळे बर्फापुरते नाहीत. दवाखान्यात, कारखान्यात, बँकेत माणसं याच कारणांनी फसतात. पण तिथे निर्णय आणि परिणाम यांत वर्षं जातात, मध्ये पन्नास माणसं येतात, आणि कुणाचं काय चुकलं ते शोधणं अवघड होऊन बसतं. मोहिमेत निर्णय छोटे असतात, माणसं मोजकी असतात आणि रात्री सगळे एकाच ठिकाणी बसलेले असतात. स्वतःची निर्णयशक्ती तपासायला इतकी मोकळी जागा मला दुसरीकडे दिसलेली नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. नावाजलेले अभ्यासक्रम महाग आहेत, शिष्यवृत्त्या असल्या तरी त्या सगळ्यांना पुरत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण मार्ग तेवढाच नाही. १९५५ साली अमेरिकेत एलिझाबेथ कुशमन या कॉलेजातल्या मुलीने आपल्या प्रबंधात मांडलं की राष्ट्रीय उद्यानांच्या देखभालीला विद्यार्थ्यांचे हात लावावेत. १९५७ साली ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या उद्यानांत विद्यार्थी कामाला लागले आणि त्यातूनच स्टुडंट कॉन्झर्वेशन असोसिएशन उभी राहिली. अशा संवर्धन-पथकांत अनेकदा राहण्याची सोय आणि निर्वाहभत्ता मिळतो. तिथे शिखरं कमी आणि फावडं जास्त असतं. तुमच्या मुलीला त्यातही रस असेल, तर तिची ओढ नुसत्या सहलीची नाही एवढं तरी तुम्हाला कळेल.

सुरक्षिततेबद्दलची तुमची भीती मी कमी करू पाहणार नाही. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम उपसागरात कयाकमधून निघालेल्या शाळकरी मुलांपैकी चौघं दगावली. बरोबरचे प्रशिक्षक अननुभवी होते, मदत उशिरा पोचली. त्या केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी तिथल्या निष्काळजीपणाबद्दल लेखी इशाराही दिला होता. खटला चालला, केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक दोषी ठरले, आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. मी हे सांगते आहे कारण त्या दिवशी समुद्रापेक्षा जास्त घात केला तो आधीच माहीत असलेल्या त्रुटींनी, आणि तशा त्रुटी आपल्यालाही आधी विचारून घेता येतात.

म्हणून संस्थेला पत्र लिहा. आधीच्या अपघातांच्या आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी ठेवता का, आणि त्या दाखवाल का? ‘आमच्याकडे कधीच काही झालं नाही’ असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका. जिथे बारीकसारीक घटनासुद्धा लिहून ठेवतात तिथे मी जास्त विश्वासाने पाठवीन. प्रशिक्षकांनी दुर्गम भागासाठीचं प्रथमोपचार प्रशिक्षण घेतलं आहे का, म्हणजे एका दिवसाचं नव्हे तर सत्तर-ऐंशी तासांचं? जखमी माणसाला सर्वांत दूरच्या मुक्कामावरून रुग्णालयात न्यायला किती वेळ लागेल आणि कसं नेणार? उंचावरची मोहीम असेल तर रोजचे मुक्काम कागदावर मागा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्यांचा कार्यक्रम याहून घाईचा असेल तर कारण विचारा. संवर्धनाच्या भागासाठी एकच प्रश्न पुरेल: हे विद्यार्थी परत गेल्यावर हेच काम कोण करणार आहे?

तुम्ही विचारलंत, ‘माझ्या मुलीची जबाबदारी तुम्ही घेणार का?’ ती मी घेऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतो म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तिच्यापुढे हे काम ठेवून पाहा. एक सत्र सुटल्यावर कॉलेजातली जागा राहते का, शिष्यवृत्तीचं आणि वसतिगृहाचं काय होतं, विमा दुर्गम भागातल्या सुटकेचा खर्च देतो का, परतल्यावर कुठले विषय कधी भरून काढायचे, हे सगळं तिने स्वतः शोधून, संबंधितांशी बोलून, लिहून तुमच्यासमोर मांडावं. तुम्ही मदत करू नका आणि अडवूही नका. वर लिहिलेले प्रश्नही संस्थेला तिलाच विचारू द्या. ती हे टाळत असेल, तर यंदा नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि मी तुमच्या बाजूने आहे. तिने ते पूर्ण केलं, तर मात्र तिच्यासमोर बसून तो कागद शेवटपर्यंत वाचा, मगच हो किंवा नाही म्हणा.

तिने निवडलेल्या संस्थेकडून सुरक्षिततेचा आराखडा आणि मुक्कामांचा तक्ता आला, की मला पाठवा. मी तो वाचून, मला खटकलेल्या गोष्टी तुम्हा दोघांनाही लिहून कळवीन.