मारुतीच्या कमरेला पाणी

नाशिकच्या कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर परवा पेटलं ते वकिलामुळे. (टोपणनावंच सांगतो. खरी सांगितली तर माझा चहा बंद होईल.)

"२५ जुलै २०२५," वकील बोलतो तो तारखेपासूनच. "विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवाच. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आता कारणं सांगायची सोय नाही."

"कारणं नाही सांगत, रजिस्टर दाखवतात," मास्तर म्हणाला. मास्तर सीएचबीवर आहे, म्हणजे जितके तास तितके पैसे, तेही उशिरा. मेंटॉर म्हणून त्याच्या गळ्यात वीस पोरं. "मूल्यांकनाची कमिटी यायची असली की 'विद्यार्थ्याची अडचण' या रकान्यात मी 'काही नाही' लिहितो, पोरगं सही करतं. पुढच्या जूनमध्ये मी तिथे असेन का, हे मलाच माहीत नाही. तो मला कशाला काय सांगेल?"

भावड्या हसला. "आमचा एम-थ्री, इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, तीनदा राहिला. कुठे होता समुपदेशक? कट्टा होता."

हे ऐकायला बरं वाटतं. पण भावड्याला कट्टा होता, घर पंचवटीत होतं आणि राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरायला बापाकडे पैसे होते. ज्याला यातलं काहीच नाही, त्याचं काय? मी एवढंच विचारलं तर तो माझ्यावरच उखडला.

वकिलाने मग आवाज खाली घेतला. "२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. राज्यांमध्ये आपण सगळ्यात वर. गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे, माझा नाही." थोडा वेळ कुणी बोललं नाही. चहावाल्यानेही स्टोव्ह बारीक केला, पण तो योगायोग असावा.

"म्हणून तर १४४१६ आहे," वकीलच पुढे म्हणाला. "टेली-मानस. मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं."

"नंबर चांगलाय भो," सुरगाणा म्हणाला. तो सुरगाण्याचा, वसतिगृहात राहून शिकलेला. "पण पोरगं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणतच नाही. ते म्हणतं, सर, एम-थ्री राहिला. नाहीतर, स्कॉलरशिप अजून पडली नाही. अभ्यासाची खिडकी एकीकडे, मनाची दुसरीकडे. मनाची खोली तर प्राचार्यांच्या केबिनला लागून! आत जाताना सगळा व्हरांडा बघतो."

"मग कळणार कसं कुणाचं बिनसलंय ते?" वकिलाने विचारलं. "गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बघायला जातो. कमरेला लागलं, छातीला लागलं, लगेच समजतं. पोरांच्या बाबतीत तसा मारुती कुठेय?"

"आहे की. मेसची वही," सुरगाणा म्हणाला. "तीन दिवस ताट वाढलं नाही की मावशींना आधी कळतं. नंतर परीक्षा विभागातल्या बाबूला, मग वॉचमनला. समुपदेशकाला सगळ्यात शेवटी. त्यांनी एकमेकांशी बोलायचं कुठे, हे कोर्टाने सांगितलंय का?"

वकिलाने खिशातून फोन काढला, निकाल शोधायला. सापडेना.

मला सुरगाण्याचं पटलं, पण पूर्ण नाही. मावशींना कळलं तरी पुढे हाताळायला शिकलेलं माणूस लागतंच, आणि त्याला पगारही लागतो. तासावरचा नव्हे.

एवढ्यात भावड्याने मास्तरला डिवचलं. "तुझ्या विसातलं या आठवड्यात कोण आलं नाही, सांग बघू."

मास्तर गप्प. मग फोनवर हजेरी उघडून बघत बसला. "एक आहे. पेठ तालुक्यातला." तो बाजूला जाऊन बोलला, परत आला तेव्हा चहावर साय धरली होती.

"घरी गेलाय. भाताची लावणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत म्हणाला."

"बघ!" सुरगाणा म्हणाला. "कर आता याचं समुपदेशन."

"सोमवारी सबमिशनची शेवटची तारीख आहे," मास्तर म्हणाला. "त्याला माहीतच नव्हतं."