रानडुकरांचा 'आफ्रिकन व्हायरस': त्या फॉरवर्डमधलं खरं किती आणि फेकाफेक किती

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, शेतीच्या ग्रुपवर जरा जास्तच. म्हणणं थोडक्यात असं: रानडुकरांत आफ्रिकेचा व्हायरस घुसलाय, हा स्वाइन फ्लूचाच नवा अवतार, मटण खाल्लं की माणसाला होतो, म्हणून तर सरकार गुपचूप हजारो डुकरं मारतंय, तेव्हा रानडुक्कर दिसलं की ठोका. आणि खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

आजार खरा आहे, ते आधीच सांगतो. आफ्रिकन स्वाइन फीवर. भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, भोपाळच्या जनावरांच्या रोगांच्या सरकारी लॅबने शिक्कामोर्तब केलं, मग जुलै २०२२ मध्ये केरळात वायनाडच्या डुक्कर फार्मांवर आला आणि जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं एकामागून एक मरून पडायला लागली. म्हणजे मेसेजवाल्याने अगदीच हवेतून काढलेलं नाही, पण पुढचा सगळा मसाला त्याचा स्वतःचा.

'स्वाइन फ्लूचा अवतार'. नाही हो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा-मॉल बंद झाले, मेडिकलमधले मास्क संपले, तो इन्फ्लुएन्झा होता, माणसाकडून माणसाला खोकल्या-शिंकांतून पसरणारा आरएनए व्हायरस. हा डीएनए व्हायरस, खानदानच वेगळं, दोघांचा काडीचा संबंध नाही.

'माणसाला होतो'. केनियातल्या या आजाराची शास्त्रीय नोंद १९२१ ची. तेव्हापासून शंभर वर्षांत डुकरं पाळणारे, कापणारे, रक्तात कोपरापर्यंत हात घालून काम करणारे लाखो लोक होऊन गेले, एकालाही हा ताप आल्याची नोंद नाही. डुकराला मात्र जगू देत नाही: ताप, कान-पोट जांभळं, कधी नाकातून रक्त, आणि कळपच्या कळप आठवड्याभरात साफ.

'मग मारतात कशाला, काहीतरी लपवतायत'. हा प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या २०२० च्या आराखड्याप्रमाणे बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात आणि १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात, कारण आजारावर औषध नाही, व्हिएतनामने २०२३ मध्ये लशींना परवानगी दिली खरी पण ती पाळीव डुकरांसाठी, जंगलातल्या कळपांना कोण टोचणार? मिझोराममध्ये २०२१ पासून हजारो डुकरं गेली, तिथे डुक्कर म्हणजे पोरांची फी आणि घरातलं लग्न, त्यामुळे माणसाचं नुकसान झालंय ते असं, तापाने नाही. आणि आसामात बुटकं रानडुक्कर आहे, पिग्मी हॉग, जगात मोजकीच उरलीत, त्यांच्यात हा शिरला तर संपलंच.

आता सगळ्यात घातक सल्ला, 'दिसलं की ठोका'. परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे हे सोडा, शेताचं नुकसान बघून डोकं फिरतं हेही मान्य, कोकण काय विदर्भ काय, रात्रभर राखण करूनही सकाळी भुईमूग उकरलेला. पण या रोगात उलटं होतं. हाकारा घातला की कळप फुटतो, एखादं बाधित जनावर पळून पुढच्या खोऱ्यात जातं, आणि मारलेलं डुक्कर जागेवर साफ करताना सांडलेलं रक्त, टाकलेली आतडी दुसरी रानडुकरं येऊन हुंगतात. चेक प्रजासत्ताकात झ्लीनजवळ २०१७ मध्ये हा सापडला तेव्हा त्यांनी आधी काय केलं, तर बाधित भागाच्या गाभ्यात शिकारच बंद केली, कुंपण घातलं, मेलेली डुकरं शोधून उचलली आणि नंतर निवडक ठिकाणी मारणं सुरू केलं. २०१९ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. बेल्जियमनेही २०१८ ते २०२० मध्ये कुंपण आणि मेलेल्या डुकरांचा शोध यावरच भर दिला, एकाही पाळीव डुकरापर्यंत रोग पोचू दिला नाही.

शिवाय लांबच्या उड्या हा व्हायरस डुकराच्या पायांनी मारतच नाही, आपल्या हातांनी मारतो. फ्रीजरमधल्या मटणात महिनोन्‌महिने तगतो, गाडीच्या चाकाला, बुटांना चिकटून जातो, आणि हॉटेलचं खरकटं न उकळता डुकरांना घातलं की झालं काम. ६० डिग्रीला २० मिनिटं तापवलं तरी मरतो बिचारा, पण तेवढा गॅस कोण जाळतो.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, कमेंटमध्ये हेही आहेत, 'माणसाला होत नाही ना, मग मारा ताव'. थांबा जरा. रानडुकरात हिपॅटायटिस ई पण असतो, काविळीचा व्हायरस. जपानमध्ये रानडुकराचं मटण खाऊन एका बाईला कावीळ झाली, फ्रीजरमध्ये उरलेलं तेच मटण तपासलं तर त्यातला व्हायरस आणि बाईच्या रक्तातला जवळजवळ तंतोतंत एक निघाला, हे २००५ मध्ये छापून आलंय. हा जास्त चिवट, आतपर्यंत ७१ डिग्री २० मिनिटं लागतात, त्यामुळे निखाऱ्यावर वरवर भाजलेली कलेजी हा शौक महागात पडू शकतो, गरोदर बाईने तर नकोच. तरी इथे लगेच नवा फॉरवर्ड बनवू नका, कारण पश्चिम भारतात माणसांत आणि डुकरांत सापडलेले हिपॅटायटिस ईचे प्रकार वेगवेगळे निघालेत, आपल्याकडच्या साथी गटारमिश्रित पाण्याच्या, २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ आठवा.

आणि रानात मेलेलं डुक्कर दिसलं तर हात लावू नका, ओढून ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना घालू नका. लांबून फोटो काढा, लोकेशन घ्या, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि घरी डुकरं असतील तर बूट धुतल्याशिवाय गोठ्याकडे फिरकू नका.