चंडोल, पितळ आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

फानफारे चोकर्लिया या रोमेनियातल्या रोमा वादकांच्या पितळी बँडवरच्या माझ्या लेखाला उत्तर म्हणून तुम्ही लिहिलंत की, जर्मन माणसाने रंगमंचावर आणलेला बँड, लष्करातून आलेली पितळी वाद्यं आणि परदेशी प्रेक्षकांसाठी वाढवलेला वेग, यात गावाचा वारसा कसला?

आधी माझी चूक. '१९९६ साली या बँडचा शोध लागला' हे वाक्य माझंच, आणि ते गाढवपणाचं आहे. त्या साली हेन्री एर्न्स्ट हा जर्मन ध्वनितंत्रज्ञ रोमेनियाच्या ईशान्येकडल्या झेचे प्रजिनी गावात पोहोचला, एवढंच. क्लॅरिनेटवाले योआन इव्हांचा आणि मंडळी तिथे लग्नं, बारशी, मयती वाजवतच होती. 'चोकर्लिया' म्हणजे चंडोल. आणि गावाच्या नावातलं 'झेचे' म्हणजे दहा, 'प्रजिना' म्हणजे जमीन मोजायची काठी, थेट आपल्या जुन्या मोजणीतल्यासारखी. दहा काठ्या! चारएकशे वस्तीच्या गावाला शोभतं.

वाद्यं लष्करी, हे कबूल. आधी तुर्की आणि मग ऑस्ट्रियन पलटणींच्या बँडमधून ती आली. पण पेटी युरोपातली म्हणून आपण कीर्तनाला उपरं म्हणत नाही. गावाचं आहे ते वाजवणं. हेलिकॉन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं खर्जाचं पितळी वाद्य, ठोक्यावर 'धुम्' करतो, पितळी शिंगं (हॉर्न) दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत 'चक्' भरतात आणि वरून क्लॅरिनेट-ट्रम्पेट सुसाट. ती फट एकाने जरी चुकवली तरी नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. हे नोटेशनवरून नाही, बापाशेजारी बसून कानाने उचललेलं असतं. नाचणारा खूश झाला की वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवतो. आपल्या भाषेत दौलतजादा.

मोल्दावियात, म्हणजे हे गाव आहे त्या प्रांतात, रोमा लोक (ज्यांना 'जिप्सी' म्हणायचे ते) जमीनदार, मठ आणि सरकारचे गुलाम होते; मठांचे आणि सरकारचे १८४४ मध्ये सुटले, जमीनदारांचे १८५५ मध्ये. वादकसुद्धा मालकीचे. ज्यांना जमीन नव्हती त्यांना पिढ्यानपिढ्या पुढे देता आला तो हातातला हुन्नर. 'वारसा' शब्द मी वापरला तो या अर्थाने. 'शेवटी मूळ आपलंच' असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. भाषेपुरतं खरं आहे, रोमानीत, म्हणजे रोमा लोकांच्या भाषेत, पाण्याला 'पानी' आणि नाकाला 'नाख' म्हणतात. पण सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघून गेलेल्यांच्या बँडचं श्रेय आपण कशाला घ्यायचं?

वेगाचं मात्र तुमचं थोडं बरोबर आहे. सिर्बा हा नाच मुळातच पळता, पण मैफलीत त्याला आणखी चाबूक बसतो. म्हणून १९९८ चा पहिला अल्बम 'रादिओ पाश्कानी' आधी ऐका, शक्यतो हेडफोन लावून, शिंगांकडे कान देऊन. अमेरिकन रॉक गाण्याची त्यांनी केलेली पितळी आवृत्ती २००६ च्या 'बोराट' चित्रपटात आहे. तुमचं मत तिच्यावरून झालं असेल तर भांडण मिटलं, ती मीही दुसऱ्यांदा लावत नाही.