गाडीले ऊन लागलं

माझ्या साडूची गाडी १४ वर्षांची आहे. एसी बंद, मागचं दार आतून दोरीने बांधलेलं. गेल्या रविवारी त्या गाडीत बसून माझी आई, माझी बायको, सासरे, मेहुणीची पोरगी आणि ३ किलो संत्रा बर्फी बुटीबोरीला साखरपुड्याला गेली. बर्फीला सासऱ्यांची मांडी मिळाली. मला काहीच मिळालं नाही. "गाडी सोडून तुम्ही कसे येणार?" असं बायको खिडकीतून म्हणाली, आणि साडूने निघताना दोनदा हॉर्न वाजवला. पहिला निरोपाचा होता असं मी धरून चालतो. दुसरा कशाचा होता ते मला माहीत आहे, पण नातं टिकवायचं आहे.

नवतपा चालू, दुपारचे साडेबारा, वर्धा रोड, छत्रपती चौकाच्या जरा पुढे. पारा ४५ च्या वर. सात सीटची माझी ऑटोमॅटिक गाडी सिग्नल हिरवा झाल्यावर हललीच नाही. एक्सिलेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, काटा तीन हजारावर जायचा आणि गाडी जिथल्या तिथे. मागच्यांना वाटलं मी मुद्दाम करून राहिलो. एका बुलेटवाल्याने बाजूने जाताना माझ्या खानदानाची विचारपूस केली. खानदान तेव्हा गाडीतच होतं. चौघांनी धक्का मारून गाडी कडेला लावून दिली, साडू देवासारखा मागून आला आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

आधी इशारा मिळाला नव्हता असं नाही. दोन महिन्यांपासून साठ-सत्तरच्या वेगात, पाय हलका ठेवला की गाडी दोन-तीन सेकंद थरथरायची. अगदी टोलनाक्याआधीच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पण नागपुरात राहणाऱ्या माणसाला थरथरीचं काय कौतुक? आमचं अर्धं शहर सिमेंट रस्त्यांचं. जोड आला की धडधड व्हायचीच. मी दोन महिने सिमेंट रस्ते करणाऱ्याला शिव्या देत फिरलो. किराणावाल्यापासून दाढीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. बायको एकदा म्हणाली, "अहो, डांबरी रस्त्यावर पण होते नं." मी म्हटलं, "डांबराखाली सिमेंट असेल."

तर मी कडेला उभा होतो. तेवढ्यात पानठेल्याच्या सावलीतून एक गृहस्थ उठून आले. डोक्याला पांढरा दुपट्टा असा बांधलेला की त्यातून दोन डोळे आणि मिशीचं एक टोक तेवढं बाहेर.

"काय झालं जी?"

"पिकअप घेत नाहीये, काका."

"गिअरमध्ये टाकली?"

"टाकली."

"क्लच पुरा सोडला?"

"क्लच नाही आहे."

काकांनी मिशी दुपट्ट्यात घेतली, परत काढली. "नाही म्हणजे? तुटला?"

"नाही, नसतोच. ऑटोमॅटिक आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. दार उघडून ते कमरेपर्यंत आत वाकले, पेडल मोजले. दोन. पायपुसणं उचलून पाहिलं. मग सीटखाली हात घालून चाचपलं. तिथून माझ्या पोराचं हरवलेलं पट्टी-पेन्सिल निघालं. ते त्यांनी इमानदारीने माझ्या हातात दिलं आणि ताठ उभे राहिले.

"तिसरं पेडल कुठी गेलं?"

"कंपनीने दिलंच नाही."

"अन् तुम्ही पैसे पुरे दिले?"

"जास्तीचे दिले," मी म्हणालो. हे खरं आहे. तीच गाडी तिसऱ्या पेडलसकट घेतली असती तर लाखभराच्या वर वाचले असते.

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने मला आजवर फक्त सासऱ्यांनी पाहिलंय. "बत्तीस वर्षं एसटी चालवली मी," ते म्हणाले. "सिरोंच्याची मुक्कामी गाडी. डबल क्लच मारून मारून डावा गुडघा गेला माहा. हे पाहा." आणि भर वर्धा रोडवर पँट वर करून त्यांनी मला गुडघा दाखवला. डबलडेकर पुलावरून मेट्रो जात होती, खाली मी एका अनोळखी माणसाच्या गुडघ्याचं निरीक्षण करत होतो. सुजलेला होता खरा. "अन् तुम्ही म्हणता क्लच नसतोच!" आवाजात राग नव्हता, दुःख होतं. गुडघा फुकट गेला की काय, असं काहीसं.

तेवढ्यात त्यांना उपाय सापडला. "ए पोट्टेहो, या बे इकडे! धक्का मारा. तुम्ही सेकंडमध्ये टाका जी, अन् मी हो म्हटलं की झटक्यात सोडा."

"काय सोडू?"

"क्लच."

मी समजावलं की ही गाडी धक्का मारून चालू होत नसते. गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप असतो, तो इंजिन फिरलं तरच फिरतो. आणि मुळात इंजिन चालूच आहे!

"इंजिन चालू आहे, मंग गाडी काहून नाही चालत?"

खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसात विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. उत्तर मला अर्धवट माहीत होतं आणि अर्धवट माहिती असलेल्या माणसाला उन्हाचं भान राहत नाही. मी सांगायला लागलो, "काका, घरी टेबलफॅन आहे नं? दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचं पातं हळूहळू फिरायला लागते की नाही? यात तसंच आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात त्याला. एक पातं इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. मधात वाऱ्याऐवजी तेल."

"दुसरा फॅन बंद काहून ठेवला? बिल वाचवून राहिले?"

"उदाहरण आहे, काका."

ते दोन मिनिटं गप्प. मग एकेक शब्द तोलत म्हणाले, "म्हणजे इंजिन अन् चाकं, यांच्यात लोखंडाले लोखंड लागतच नाही? नुसतं तेल?"

"हो."

"अन् तेलाच्या भरवशावर तुम्ही लेकरंबाळं घेऊन बुटीबोरीले चालले होते?"

पोट्टे हसले. मलाही हसू आलं असतं, पण चप्पल डांबराला चिकटली होती.

रात्री मी वाचून काढलं. हे यंत्र हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने शोधलं, १९०५ साली पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन भन्नाट वेगाने फिरतं, जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, दोघांच्या मध्ये पाणी किंवा तेल घालून त्याने समेट घडवला. जहाजाच्या चहूबाजूंनी थंडगार समुद्र असतो हो! नागपूर म्हणजे आधीच देशाच्या मधोमध, झिरो माईलचा दगड आमच्याकडे. समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी लांबच. इथे मे महिन्यात कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा चहा टाकण्यालायक होतं. तिथे त्या बिचाऱ्या तेलाने काय करावं?

आणि करावं तर सगळं त्यानेच. तेच तेल जोर पोचवतं, तेच गिअर वंगवतं, तेच उष्णता वाहून नेतं. दोन पात्यांच्या मधात स्टेटर नावाचं तिसरं एक पातं असतं, ते परत येणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतं, त्यामुळे सुटताना जोर जवळजवळ दुप्पट होतो. पण सिग्नलला सुटायचं, थांबायचं, पुन्हा सुटायचं, यात तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. फार तापलं की काळं पडतं, जळकट वास मारतं, पकड सोडतं.

रस्त्यावर मात्र हे काहीच मला ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "तेल पाहू. काडी कुठी आहे?"

"काडीपण नाही. सीलबंद आहे. घेताना सांगितलं होतं की हे लाइफटाइम तेल आहे, कधी बदलावं लागत नाही."

"कोणाचं लाइफ?" काकांनी विचारलं.

मी गाडी घ्यायच्या आधी तीन शोरूम फिरलो, चाळीसेक व्हिडिओ पाहिले, ऑफिसमधल्या देशपांडेची दोनदा टेस्ट ड्राइव्ह घेतली. हा प्रश्न एकालाही सुचला नाही. मला तर नाहीच.

गाडीखाली दोन-चार थेंब सांडले होते. काकांनी गुडघ्याला शिव्या घालत वाकून एका थेंबात बोट बुडवलं, हुंगलं आणि निकाल दिला, "जळालं. हिले ऊन लागलं जी." मग शर्टाच्या खिशातून स्वतःसाठी ठेवलेला कांदा काढला. विदर्भात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून निघणारी पिढी अजून शिल्लक आहे, म्हणून बाकीचे शिल्लक आहेत असा माझ्या आईचा दावा आहे. तो कांदा त्यांनी गाडीत, गिअरच्या दांड्याजवळच्या कप ठेवायच्या खळग्यात, नैवेद्यासारखा ठेवला. "राहू द्या. मी दुसरा घेतो."

त्यानंतर टोचनवरून भांडण झालं. एक ऑटोवाला दोर घेऊन तयार, काका तयार, पोट्टे तयार. मी एकटा नको म्हणत होतो, कारण पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर पंप बंद, गिअरबॉक्स कोरडा फिरणार आणि उरलंसुरलं जळणार. हे ऐकून काकांनी पोट्ट्यांना सांगितलं, "या गाडीले धक्का नाही चालत, टोचन नाही चालत, क्लच नाही, काडी नाही. जावई आहे हा." सव्वातीनला पाठीवर घेऊन जाणारी गाडी आली. तोवर काकांनी मला दोन ग्लास उसाचा रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत आणि माझा नंबर घेऊन ठेवला. नंबर द्यायला नको होता.

सोमवारी सर्व्हिस सेंटर. एसी इतका थंड की लोक बिल बघायला आले आहेत हे विसरून जातील. हातात टॅबलेट घेतलेला एक विशीतला मुलगा म्हणाला, "सर, तुमची ड्रायव्हिंग स्टाइल कशी आहे? दोन्ही पाय वापरता का? ब्रेकवर पाय ठेवून एक्सिलेटर देता का?" म्हणजे दोष माझ्या पायाचा. मी म्हटलं, मी फक्त उजवा पाय वापरतो, डाव्याला तुम्हीच बेरोजगार केलंय. त्याने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. हसण्यासाठी त्यात खूण नसावी.

वॉरंटी ५ वर्षांची. गाडीला झाली ५ वर्षं २ महिने. ९२ हजार किलोमीटर. "कन्व्हर्टर गेलाय सर, त्याचा भुगा पूर्ण बॉक्समध्ये गेलाय. असेंब्ली बदलावी लागेल. १ लाख ८५ हजार. पार्ट यायला तीन आठवडे."

"पण तेल तर आयुष्यभराचं होतं ना?"

"सर, ते नॉर्मल युजसाठी. तुमचा सिव्हिअर युज आहे. बुकमध्ये दिलंय."

घरी येऊन मी बुक उघडलं. दिलंय. शेवटच्या पानांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. भरगच्च ट्रॅफिक, जास्त वजन, सततची उष्ण हवा, असं असेल तर तेल लवकर तपासा, बदला. आता मला सांगा, सात सीटच्या गाडीत सात माणसं बसणं हे जास्त वजन? नागपुरात विकलेल्या गाडीला उष्ण हवा लागणं हा अपवाद? मग नॉर्मल कोण, महाबळेश्वरात एकटा राहणारा ब्रह्मचारी? पाच वर्षं दर सर्व्हिसला मी त्याच काउंटरवर उभा होतो. वायपर बदला म्हणाले, बदलले. एसीत सुगंधी फवारा मारतो म्हणाले, ९०० रुपये दिले. एकदाही कोणी म्हटलं नाही की साहेब, तुमच्या गावात हे तेल बदलून टाका. जर्मनीची झेडएफ, जी स्वतः असे गिअरबॉक्स बनवते, ती सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा फार तर ८ वर्षांनी तेल बदलाच. तेही बहुधा जर्मनीचं ऊन डोळ्यासमोर ठेवून. बनवणारा बदला म्हणतो, विकणारा आयुष्यभराचं म्हणतो आणि मधात आम्ही, टेबलफॅनच्या दुसऱ्या पात्यासारखे. वारा येईल तसे फिरतो.

त्या मुलाने जॉबकार्डवर सही घेतली. गाडीतल्या वस्तूंची यादी नियमाप्रमाणे लिहिलेली होती: स्टेपनी १, जॅक १, छत्री १, कांदा १. मी विचारलं, "नेमकं काय बिघडलं ते तरी लिहून द्या." त्याने टॅबलेट माझ्याकडे फिरवला आणि बोटाने दाखवलं.

"हे बघा सर. कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच असतो. गाडीने वेग धरला की तो दोन्ही पाती एकमेकांना घट्ट जोडतो. त्याचं लायनिंग जळालंय. ती थरथर होती ना, ती त्याचीच."

"आत काय असतो?"

"क्लच."

मी खुर्चीत बसलो. बाहेर ४६ होतं.

काका रोज सकाळी साडेसहाला फोन करतात. रिटायर माणसाला वेळ असतो आणि एसटीवाल्याला पहाट. आजही आला. आधी आईची तब्येत विचारली, मग साखरपुडा कसा झाला ते विचारलं, मग घसा साफ करून म्हणाले, "क्लच सापडला का जी?"

"नाही, काका," मी म्हणालो. "सांगितलं नं, नसतोच."

"सीटखाली नीट पाहा बरं एकदा," ते म्हणाले.