पीएपुढची अधिकचिन्हं ‘धंदा’ आहेत म्हणे!

‘अंगाच्या सनस्क्रीनवर फक्त एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) बघा, पीएपुढची अधिकचिन्हं (बाटलीवरचं ‘PA+++’) हा कंपन्यांचा धंदा आहे. गाडीच्या काचा बंद असतील तर सनस्क्रीनच नको. आपल्या सावळ्या कातडीला खोबरेल तेल पुरतं. महागडं घेऊ नका.’ हा निरोप सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. सोडून दिलं असतं, पण तो वाचून ताईनं पीएची चार चिन्हं असलेली बाटली दुकानात परत ठेवली आणि नुसता एसपीएफ ५० छापलेलं लोशन घरी आणलं. तिची तक्रार काय, तर हात काळवंडतात!

यूव्हीए आणि यूव्हीबी हे उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार. एसपीएफ ठरतो त्वचा लाल होण्यावरून, आणि ती लाली मुख्यतः यूव्हीबीची करणी. पीएच्या चाचणीत त्वचेवर यूव्हीए सोडतात आणि दोन ते चार तासांनी ती किती काळवंडली ते बघतात. ताईला जे टाळायचंय तेच इथं मोजलं जातं, आणि धंदा म्हणे! ही जपानी पद्धत १९९६ची, चौथं चिन्ह २०१३मध्ये आलं. तीन चिन्हं म्हणजे यूव्हीएपासून ८ ते १६ पटींच्या आतलं संरक्षण, चार म्हणजे १६ पट किंवा त्याहून जास्त. युरोपातल्या बाटलीवर चिन्हांऐवजी वर्तुळात यूव्हीए लिहिलेलं असतं. तिथं हे संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश लागतं.

आता काचा. काच यूव्हीबी बरंचसं अडवते, पण बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए भरपूर आत येतं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली छापलेला ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो शोधून बघाच. अठ्ठावीस वर्षं खिडकीशी बसून चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी त्या मानानं धड. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा पाळी उजव्या बाजूची.

खोबरेलाचा एसपीएफ आठेक भरला होता खरा, पण प्रयोगशाळेतल्या यंत्रात, तोही यूव्हीबीपुरता. अंगावर नव्हे.

सावळ्या त्वचेला त्वचेचा कर्करोग कमी होतो, हे मान्य. पण वांग आणि काळे डाग आपल्यालाच जास्त छळतात.

आणि ‘महागडं घेऊ नका’ ही त्या निरोपातली शेवटची ओळ, नाइलाजानं म्हणतो, बरोबर आहे. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं, एका हाताला चहाचा चमचाभर. पन्नास मिलीची महाग ट्यूब पुरवून पुरवून चोपडण्यापेक्षा तीन चिन्हांची स्वस्त मोठी बाटली आणा आणि सढळ हातानं लावा.