काटा खोटा हाय

बेळगावच्या शहापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पाइप, पत्रे. सेहेचाळिसाव्या वर्षी मी विमान चालवायचा खासगी परवाना काढला, तेव्हा शेजारच्या भांडीवाल्याने अभिनंदन वगैरे केलं नाही. "एव्हरेज किती देतंय?" एवढंच विचारलं.

मला पटकन सांगता येईना, कारण विमानाचं पेट्रोल तासावर मोजतात. मी चालवतो ते सेसना 152 दोन माणसांचं. तासाला साधारण 23 लिटर पितं आणि तेवढ्यात 180 किलोमीटर जातं. भांडीवाल्याने कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. "लिटरला आठसुद्धा नाही? मग आमची जुनी जीप काय वाईट होती?"

परवान्यासाठी दहावी पास लागते, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान 40 तासांचं उड्डाण. हे सगळं होतं हळूहळू. मला छळलं ते रेडिओने. इंग्रजी आकडे रेडिओच्या खरखरीतही नीट कळावेत म्हणून तिथे तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नायनर' म्हणतात. महिनाभर मी स्कूटरवर हेल्मेटच्या आत हे घोकत होतो. एकदा कडोलीच्या गिऱ्हाइकाने एल्बोचा दर विचारला आणि मी "नायनर फाइफ" म्हणून गेलो. तो बिचारा "बरं" म्हणाला आणि समोरच्या दुकानात गेला.

पण खरी परीक्षा परवाना मिळाल्यावर सुरू झाली. आता शेजारी माणूस बसवता येत होता. आणि पहिला मान मामांचा, हे आईने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मामा जुने पैलवान. तरुणपणी बेळगावच्या आखाड्यात लढलेले. आता सत्तरी गाठली, पण चालताना अजून दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब असतात. मी भीत भीत विचारलं, "मामा, तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

पैलवानाला वजन विचारू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कुस्तीत वजनी गट असतात. खालच्या गटात बसायचं तर वजन कमीच सांगायचं, ही त्यांची जन्माची सवय. अठ्ठ्याहत्तर हा आकडा बहुतेक लग्नाआधीचा होता.

मला तर खरा आकडा पाहिजेच होता. आमच्या विमानाचं रिकामं वजन 520 किलो, आणि सगळं मिळून उडताना 757 च्या वर जायचं नाही. उरले 237. त्यात दोन माणसं, पेट्रोल आणि मामींनी दिलेला डबा. टाक्या काठोकाठ भरल्या तर पेट्रोलचेच 67 किलो होतात. मी 84. उरलेल्या 86 किलोंत मामा बसतात का, एवढाच प्रश्न होता. डोळ्यांनी बघितलं तरी बसत नव्हते.

शेवटी त्यांना दुकानात चहाला बोलावलं. खिळ्यांची पोती मोजायचा मोठा काटा दाराशीच असतो. "मामा, जरा इथं उभं राहा, वरच्या फळीवरचा डबा काढायचाय," म्हणून मी त्यांना काट्यावर चढवलं. डबा काढायला ते हात वर करून चवड्यांवर उठले, तेवढ्यात मी खाली बघून घेतलं. सत्त्याण्णव.

मामांनीही बघितलं.

"काटा खोटा हाय," ते म्हणाले. आखाड्यातला आवाज. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

आता माझी पंचाईत बघा. काटा बरोबर म्हणावं तर मामांचा अपमान, तोही चार लोकांत. खोटा म्हणावं तर वीस वर्षांची इज्जत गेली. एक म्हातारे गृहस्थ नुकतेच दोन किलो खिळे घेऊन दाराबाहेर पडले होते. ते परत आत आले आणि काही न बोलता पुडकं काउंटरवर ठेवलं. मी वजनमापवाल्यांचा शिक्का दाखवला, पुडकं पुन्हा तोललं, वर मूठभर खिळे टाकले. मामा बाजूला उभे राहून म्हणाले, "बघा, कमीच होतं की नाही?"

विमानात पंधरा-वीस लिटर पेट्रोल कमी ठेवून मी हिशेब जमवला. मामांना मात्र हे सांगायला नको होतं. "माझ्यापायी तेल कमी? मधेच संपलं तर?" तीन तास पुरेल एवढं तेल आहे आणि आपण अर्धा तासच जाणार, हे मी चारदा सांगितलं.

मग म्हणाले, "दुपारी जाऊया, जेवून." दुपारी? एप्रिलात? सांबऱ्याचा विमानतळ मुळातच समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,500 फुटांवर. त्यात पारा 36 वर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला वाटतं आपण साडेपाच हजारांच्या वर उभे आहोत. म्हणजे कळसूबाईच्याही वर! तिथून 110 हॉर्सपॉवरच्या इंजिनाने मामांना उचलायचं. मी पहाटेची वेळ घेतली. पहाट म्हटल्यावर मामा खूश झाले, तालमीची वेळ ती.

सकाळी पावणेसातला मी टाकीखालून नळीत थोडं पेट्रोल काढून पाणी उतरलंय का बघत होतो. पाणी जड, ते खाली बसतं, म्हणून हे रोज बघायचं. विमानाचं पेट्रोल निळं असतं. मामा जवळ येऊन म्हणाले, "नीळ घातलीय काय त्यात?" मी समजावत होतो, तेवढ्यात मेकॅनिकने पुढच्या चाकाखालून एक लिंबू उचलून माझ्यासमोर धरलं. मामा दुसरीकडे बघायला लागले.

आत बसलो. 152 मध्ये दोन सडपातळ माणसांचेसुद्धा खांदे लागतात. मामांचा खांदा माझ्या खांद्याच्या पुढून गेला. त्यांनी आपल्या बाजूचं दार जीपसारखं धाडकन ओढलं. ते नीट लागलंय का, हे हाताने ढकलून बघायचं काम माझं. ते मी केलं नाही. मामांना ओलांडून तिथपर्यंत हात जाणार कसा, याचा विचार करत राहिलो आणि राहूनच गेलं.

धावपट्टी सुटली. तीनेकशे फुटांवर खटकन आवाज झाला आणि मामांच्या बाजूचं दार चार बोटं उघडलं. वारा आत घोंगावायला लागला. शिकवताना बजावून सांगितलेलं असतं: दार उघडलं म्हणून विमान पडत नाही, दारामागे लागू नका, विमान चालवा. वेग बघायचा, टॉवरला सांगायचं, फेरी पुरी करून शांतपणे उतरायचं. मी तसंच करत होतो. पण मामांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी दार पकडलं.

"मामा, सोडा! ते राहतंय तसं!"

"तू म्होरं बघ!"

पाच-सहा मिनिटांची फेरी. खाली बासमतीची रिकामी शिवारं, लांब येळ्ळूरचा राजहंसगड, सगळं कोवळ्या उन्हात. हे दाखवायला तर त्यांना आणलं होतं. मामांनी दाराशिवाय काही बघितलं नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे मिटलेले, तोंडाने बजरंगबलीचं नाव. उतरून इंजिन बंद केलं तरी हात सुटेनात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मामा दुकानात आले. काट्याला वळसा घालून.

"सहा इंची कडी दे. जाड बघून. कोयंड्यासकट."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हार्डवेअरचं दुकान हाय तुझं, आणि इमानाला धड कडी नाही?"

विमानाला बाहेरचा स्क्रूसुद्धा लावता येत नाही, मंजूर झालेलाच भाग लागतो, हे मी सांगायला गेलो. मामांनी ऐकलं नाही, नोट काढून काउंटरवर ठेवली. खासगी परवान्यावर प्रवाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. कडीचे घेतले.